आपण कोण?

आमच्या नेरूळच्या घरीं गेल्या दोन वर्षांपासून बहुतेक रोज सायंकाळीं एक प्रश्न विचारला जातो. प्रश्न वेदान्तांतला, विचारणारे मात्र माझे वडील बंधु, वय वर्षें ७८. डॉक्टरांनीं त्यांच्या व्याधीस स्मृतिभ्रंश असें नांव दिलें आहे. मी फिरून घरीं आलों, कीं झोपाळ्यावर बसलेले दादा किंचित् उठल्यासारखें करतात आणि अदबीनें विचारतात, "आपण कोण?"

ज्या दादांनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतून माझी फी भरली, त्यांनीं मला 'आपण' म्हणावें, हें प्रथम फार जिव्हारीं लागलें. वहिनी डोळ्यांस पदर लावून आंत निघून गेल्या. मीं नांव सांगितलें, नातें सांगितलें, निवृत्त शिक्षक असेंहि सांगितलें. परगांवच्या पाहुण्याचें ऐकून घ्यावें, तसें दादांनीं तें सारें ऐकून घेतलें.

माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. परंतु लहानपणीं पाठशाळेंत संस्कृत झालें, त्यामुळें शांकरभाष्य मुळांतून वाचतां येतें, याचा ताठा मला पुष्कळ दिवस होता. देह मी नव्हे, प्राण मी नव्हे, मन मी नव्हे, हें मी पाढ्यासारखें घडाघड म्हणूं शकत असें.

हा ताठा प्रथम उतरला तो १९७९ सालीं. दादा मला गिरगांवाजवळच्या खेतवाडींत, दहाव्या गल्लींतील एका घरीं घेऊन गेले. उभा जिना चढून पोटमाळ्यावर गेलों. तेथें निसर्गदत्त महाराज बसले होते. त्यांचें मूळ नांव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ चा, बालपण मालवणाकडील कांदळगांवीं. शाळा थोडकी झालेली, आणि उपजीविका विडीच्या दुकानावर. १९३३ सालीं त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. 'मी आहें' ही जी जाणीव, तिच्यावरच लक्ष ठेवून राहा, इतकाच गुरूंचा उपदेश. १९३६ सालीं गुरु निवर्तल्यावर हे घरदार सोडून निघाले. हिमालयांत जावयाचें मनांत होतें. परंतु वाटेंत एका गुरुबंधूनें समजूत घातली आणि ते मुंबईस परत येऊन संसारांत, धंद्यांत राहिले. आम्हां कुटुंबांत राहणाऱ्यांना त्यांच्या चरित्रांतला हा परतण्याचा भाग हिमालयाहून मोलाचा वाटतो. मॉरिस फ्रीडमन यांनीं त्यांचे संवाद इंग्रजींत आणले, तें पुस्तक १९७३ सालीं निघालें, आणि तो जिना चढणाऱ्यांत परदेशी मंडळी वाढली. महाराज मात्र मराठींतच बोलत.

अवच्छेदवाद ग्राह्य कीं प्रतिबिंबवाद, असा भारदस्त प्रश्न मीं घरून घोळवून नेला होता. तो कंठांतच राहिला. समोर बसलेल्या विडीवाल्याचें या दोन शब्दांवांचून कांहीं अडलेलें दिसत नव्हतें.

या परंपरेंत दोन मार्ग सांगतात. इंचगिरीचे भाऊसाहेब महाराज यांचा मार्ग दीर्घ ध्यानाचा. त्याला पिपीलिकामार्ग म्हणतात. मुंगी बुंध्यापासून चढत चढत फळापर्यंत जाते. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर यांनीं विचाराचा विहंगममार्ग सांगितला. पक्षी थेट फळावर जाऊन बसतो. पातंजल योगांत वृत्तींचा निरोध साधावयाचा. येथें ती वृत्ति कोणाला कळते, तिकडे वळून पाहावयाचें. पतंजलींचे पुरुष अनेक. अद्वैतांत दुसरा पुरुष आणावयाचा कोठून? तरुणपणीं मला पक्ष्याचा मार्ग सोपा वाटला. पुढें नेरूळला राहावयास आलों. येथील पाणथळींत हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात. ते उडूं लागतांना प्रथम पाण्यावर बरींच पावलें धांवतात, मग कोठें पंखांवर उचलले जातात. हें मीं साठी उलटल्यावर पाहिलें!

दादांचें विस्मरण वाढलें, तेव्हां एका स्नेह्यांनीं सांत्वन केलें, कीं नामरूप गळालें, हें तर ज्ञान्याचें लक्षण. हेतु चांगला होता. मला तें पटलें नाहीं. सिद्धरामेश्वरांनीं स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण असे चार देह सांगितले. त्यांतला कारणदेह म्हणजे निखळ विस्मरण, आणि तेथें मुक्काम करूं नये, असेंच ते शिकवीत. गाढ झोपेंतून उठलेला मनुष्य म्हणतो, सुखानें निजलों, कांहीं कळलें नाहीं. 'कांहीं कळलें नाहीं' हें ज्याला कळलें तो साक्षी, हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षें मोठ्या थाटानें मांडीत आलों. परंतु दादा या झोपेंतून उठून तसें सांगणार नाहींत. येथें माझें पाठांतर संपलें.

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं वीज गेली आणि दादांच्या खोलींत कांहीं पडल्याचा आवाज झाला. मी भिंत चांचपीत गेलों व दारांतून विचारलें, "कोण आहे?" अंधारांतून ताबडतोब उत्तर आलें, "मी." त्या आवाजांत यत्किंचितहि गोंधळ नव्हता. दिवे आल्यावर नांव विचारलें, तेव्हां मात्र ते कावरेबावरे होऊन वहिनींकडे पाहूं लागले.

यावरून दादांना आत्मज्ञान झालें, असें मी म्हणत नाहीं. तें 'मी' तान्ह्या मुलापाशींहि असतें. त्याच्याकडे वळून पाहणें, तो विचार. तो आतां दादांच्यानें होणें नाहीं. तें काम मजकडे आलें आहे, आणि माझें नांव, नातें, हुद्दा अद्याप शाबूत असल्यामुळें मला तें जड जातें. रात्रीं त्यांचें पांघरूण सारखें करून मी घटकाभर उशाशीं बसतों. भाष्य उघडीत नाहीं.

परवां फिरून आलों. दादा झोपाळ्यावर होते. "आपण कोण?"

नांव सांगावयास मीं तोंड उघडलें, आणि तें ओठांवरच राहिलें. "मी," असें म्हणालों.

दादांनीं क्षणभर निरखून पाहिलें. "बरं, बरं. बसा," असें म्हणून ते थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानें पुसून त्यांनीं मला करून दिली.