कोकणच्या हवेस, मूर्तिजापुराहून

प्रिय कोकणच्या हवे,



समुद्र आमच्या गावापासून साडेचारशे किलोमीटरांहून लांब. तरी तुझा विषय आमच्या घरात सारखा निघतो, कारण माझी धाकटी बहीण रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विदर्भातले बरेच शिक्षक असे नोकरीच्या निमित्तानं तुझ्या आश्रयाला आले आहेत. मे महिन्यात ती माहेरी येते, गणपतीत किंवा दिवाळीनंतर मी तिच्याकडे जाते. तुझे ऋतू मी अंगावर घेतले आहेत आणि इकडे तुझा जो हेवा केला जातो, तो बराचसा अज्ञानातून होतो असं माझं ठाम मत झालं आहे.

इकडची माणसं थर्मामीटर बघतात. मे महिन्यात आमचा पारा ४४-४५ अंशांवर, रत्नागिरीचा ३२-३३ वर. म्हणजे तिकडे मजा! पण आमच्या कोरड्या झळा कूलरच्या ओल्या ताट्यांतून आत आल्या की पाणी भराभर उडतं, आणि खोली बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरते. तुझ्याकडे कूलर लावून काही उपयोग नाही. तू आधीच पाण्यानं भरलेली, आणखी पाणी घेणार कुठं? घामाचंही तेच. इकडे तो आला कधी नि वाळला कधी कळत नाही, तिकडे तो मानेवरून ओघळत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की जरा जीव थाऱ्यावर येतो. रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहू लागेपर्यंत मात्र पान हलत नाही.

तरी तुझ्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. तुला टोकं नाहीत. जानेवारीतल्या पहाटे पारा अठरा-एकोणीसपर्यंत उतरला की तिकडची माणसं थंडीचं कौतुक करतात. आमच्याकडे तो दहाच्या आसपास येतो आणि चार महिन्यांनी चव्वेचाळिसावर. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्याचा हा गुण तू उचलला आहेस. हापूसला हेच मानवतं. नोव्हेंबर-डिसेंबरात थोडा गारवा पडला की मोहोर फुटतो. त्याच दिवसांत आभाळ भरून आलं तर तुडतुडे वाढतात, मोहोर काळा पडतो आणि बागायतदाराची झोप उडते.

श्रावणातली तू मात्र वेगळीच. आम्ही मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया घालतो, त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळतात. डबा भरून बहिणीला देतो आणि ती तो आगोटीच्या बेगमीत चुलीजवळच्या फळीवर ठेवते, कारण दुसरीकडे ठेवला तर आठवडाभरात पापड मऊ पडतात. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. काडेपेटीची काडी नुसती घासली जाते, पेटत नाही. कोपऱ्यातल्या चामड्याच्या चपलेवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. मुलांचे गणवेश चुलीच्या वर दोरीवर वाळतात आणि शाळेत प्रत्येकाच्या अंगाला धुराचा वास असतो. ‘घाटावरच्या माणसाला हे जमायला दोन पावसाळे लागतात,’ असं शेजारच्या काकी तिला म्हणाल्या होत्या.

पण तुझ्या याच ओलाव्याचे आम्हा वऱ्हाडी माणसांवर उपकार आहेत, हे आम्ही विसरलो. आमचा कापूस ‘शकुंतला’ या छोट्या, नॅरोगेज रेल्वेनं मूर्तिजापूरला यायचा, एकीकडून यवतमाळचा, दुसरीकडून अचलपूरचा, आणि इथून मोठ्या रेल्वेनं मुंबईला जायचा. तिथं १८५४ साली कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढं एवढ्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्याला भांडवल आणि बंदर तर कारण होतंच, पण तूही होतीस. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, दमट हवेत टिकतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये ओलावा आणायला यंत्रं बसवावी लागली. मुंबईला तो तू फुकट पुरवलास.

पावसाबद्दल आमची माणसं म्हणतात, कोकणानं आपला पाऊस अडवला. तेही खरं नाही. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर चढताना गार होतात, सगळं पाणी तुझ्या अंगणात ओततात आणि कोरडे होऊन पलीकडे उतरतात, इथपर्यंत बरोबर. पण मूर्तिजापूरची झड बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे लागते. ते ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत आमच्यापर्यंत येतात. आमच्या दुबार पेरणीचा दोष तुझ्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

आणि तुझ्या पावसाचं तरी काय होतं? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांवर पडतो, आमच्याकडे सातशे-आठशे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. आमच्या वर्षभराहून जास्त! इतकं असूनही एप्रिल-मेमध्ये तुझ्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. सह्याद्रीवरचं पाणी पाहता पाहता खाडीला मिळतं. आमची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस गेल्यावर त्याच ओलीवर हरभरा येतो. आमचं दुखणं निराळं. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकालाही देता येत नाही. तुझ्याकडे मीठ हवेत, आमच्याकडे जमिनीखाली. म्हणून इथला शेतकरी शेततळं खणतो आणि पडलेला पाऊस वरच्यावर अडवतो.

हे पत्र अनावृत आहे, म्हणून शेवटचं तुझ्या माणसांना लिहिते. थोड्या पाण्यात वर्ष काढणाऱ्या मुलखातली मी, माझं एवढं ऐका. वाडीजवळून ओढा वाहत असेल तर पाऊस उघडल्याबरोबर मातीची पोती भरून वनराई बंधारा घाला. शाळेतल्या पोरांना सोबत घ्या, एका दिवसात बंधारा उभा राहतो आणि खालच्या विहिरींना आणखी काही आठवडे पाणी राहतं. काम नोव्हेंबर उलटायच्या आत व्हायला हवं. मार्चात घातलेल्या बंधाऱ्याला अडवायला पाणीच उरलेलं नसतं.

तुझी,
एक मूर्तिजापूरकर