फायरवॉलआडची खबर

भोसरीतल्या छोट्या मशीन शॉपपासून चाकण-महाळुंगेच्या मोठ्या प्लांटपर्यंत, शॉप फ्लोअरवरचे बहुतेक कंट्रोलर आता नेटवर्कवर असतात. व्हीएमसीचा स्पिंडल लोड, कॉम्प्रेसरचा दाब, पॅनलमधल्या पीसीची डिस्क किती भरली, हे आकडे मेंटेनन्सवाल्याला हवे असतात आणि ते पाहणारा सर्व्हर असतो हिंजवडीत किंवा क्लाउडमध्ये. मध्ये फायरवॉल. हिंजवडीहून चाकणला माणूस पाठवायचा म्हणजे नाशिक फाटा आणि चाकण चौक या दोन ठिकाणीच अर्धा दिवस जातो. त्यामुळे आकडे जागेवर बसून मिळणे ही चैन नसून गरज आहे.

देखरेखीची बरीच साधने आकडे स्वतः मागायला जातात. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमिथियस हे त्यांतले आज सर्वात रुळलेले. ठरावीक अंतराने ते प्रत्येक यंत्राच्या दारात जाते. लिनक्स असेल तर ९१०० या पोर्टवर, विंडोज असेल तर ९१८२ वर. एकाच जाळ्यात हे उत्तम चालते. बाहेरून प्लांटमध्ये शिरायची वेळ आली की आयटी विभाग नकार देतो, आणि तो नकार योग्यच असतो. शॉप फ्लोअरवर अजूनही सर्रास चालणारा मॉडबस प्रोटोकॉल १९७९ चा आहे. त्यात पासवर्ड ही कल्पनाच नाही. ५०२ या पोर्टपर्यंत जो पोचला तो आकडा वाचू शकतो, तसा लिहूही शकतो. देखरेखीसाठी उघडलेले दार फक्त देखरेखीपुरतेच वापरले जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून जोडणीची दिशा फिरवतात. फायरवॉल आतून बाहेर गेलेली जोडणी लक्षात ठेवते आणि तिचे उत्तर आत येऊ देते. गेटपास घेऊन बाहेर गेलेल्या कामगाराला परत येताना कोणी अडवत नाही, तसेच. आतल्या एजंटने, म्हणजे आकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामने, ४४३ वरून बाहेर बोलणे सुरू केले की बाहेरून एकही पोर्ट उघडावा लागत नाही. झॅबिक्स या देखरेखीच्या दुसऱ्या साधनाचा प्रॉक्सी ॲक्टिव्ह मोडमध्ये हेच करतो, फक्त त्याचा पोर्ट १००५१. प्रोमिथियसच्या घरात यासाठी तीन वाटा आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पुशगेटवे हा एकदा चालून संपणाऱ्या कामांसाठी आहे. त्यात आलेला आकडा कोणी पुसेपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे बंद पडलेले यंत्रही तिथे ठणठणीत दिसते. पुशप्रॉक्स मागणीची मूळ पद्धत राखतो, पण त्यात स्वतःची ओळखतपासणी नाही; प्रॉक्सीपर्यंत पोचणाऱ्याला त्या यंत्रावरच्या सगळ्या सेवा उघड्या होतात. उरतो प्लांटमध्येच बसवलेला एजंट. तो शेजारच्या यंत्रांकडून आकडे गोळा करतो आणि रिमोट राइटने बाहेर लिहितो. प्रोमिथियसमध्ये हा एजंट मोड २०२१ च्या अखेरीस आला. कारखान्यासाठी हीच वाट बरी.

दिशा फिरवली की एक गोष्ट मात्र हातची जाते. मागणारा सर्व्हर दारात जाऊन उत्तर मिळाले नाही तर तशी नोंद करतो: ‘अप’ या आकड्याचा १ चा ० होतो. पाठवणारा गप्प झाला तर नोंद करणाराच उरत नाही. ‘अप शून्य झाला तर कळवा’ हा नियम लावून निर्धास्त झालेल्या प्लांटची लाइन तुटली की त्या नियमाला तपासायला आकडाच सापडत नाही, आणि नियम गप्प बसतो. पाच मिनिटांनी डॅशबोर्डवरून अख्खा प्लांट नाहीसा होतो आणि कोणाचाही फोन वाजत नाही. यावर उपाय म्हणजे अभावाचा वेगळा नियम, आणि तोही प्रत्येक प्लांटचे नाव घालून. सगळ्यांना मिळून एकच नियम लिहिला तर एक प्लांट जिवंत असेपर्यंत बाकीच्यांची शांतता दिसत नाही. असे केल्यावर दोन अर्थ वेगळे होतात: आकडा आला आणि शून्य आहे, म्हणजे यंत्र बंद; आकडाच आला नाही, म्हणजे एजंट, लाइट किंवा लाइन.

लाइट की लाइन, हे ओळखायला सोपी सोय आहे. एजंट आणि राउटर यूपीएसवर ठेवायचे आणि यूपीएसचा इनपुट व्होल्टेजही पाठवायचा. शेवटच्या आकड्यात व्होल्टेज शून्य असेल तर महावितरणची चौकशी. २३० असेल तर बहुधा रस्त्याच्या कडेला जेसीबीने फायबर उचकटली.

पिंपरी-भोसरी भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि फीडरची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. तेव्हा गुरुवारी अलर्ट नको, असा नियम लिहिला जातो. प्रोमिथियस वार मोजते ते जागतिक वेळेने, म्हणजे त्याचा गुरुवार आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला संपतो. गुरुवारी रात्री पुन्हा चालू झालेली तिसरी पाळी त्यामुळे कोणाच्याच नजरेत राहत नाही. सुट्टी प्रोमिथियसचे अलर्ट पोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये, भारतीय वेळ सांगून लिहिलेली बरी. खंडेनवमीला यंत्रे पूजेसाठी बंद असतात, तेही तिथेच.

लाइन तुटली तरी एजंट आकडे साठवून ठेवतो, पण फार काळ नाही: रिमोट राइटची साठवण साधारण दोन तासांची, झॅबिक्स प्रॉक्सीची मूळ मुदत एका तासाची. झॅबिक्सची वाढवता येते आणि औद्योगिक वसाहतीत ती वाढवावीच.

काही कंपन्यांची फायरवॉल जाणारा मजकूर उघडून तपासते आणि त्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. एजंट ते नाकारतो, आणि घाईत कोणीतरी प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतो. कंपनीचे मूळ प्रमाणपत्र एजंटला देणे किंवा तेवढा एक पत्ता फायरवॉलच्या तपासणीतून वगळणे, दोन्ही पाच मिनिटांची कामे आहेत.

पत्त्यांचा घोळ वेगळाच. मशीन बसवणारे बहुतेक जण १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते पत्ते देतात. भोसरीचे, तळवड्याचे आणि निघोज्याचे १९२.१६८.१.१० एकत्र आले की तीन यंत्रांची एकच रेघ नागमोडी धावते. प्लांटचे नाव लेबल म्हणून एजंटनेच जोडून पाठवायला हवे. मध्यवर्ती सर्व्हरला ते नंतर कळण्याचा मार्ग नाही.

शेवटचा मुद्दा घड्याळाचा. आकड्यावर वेळ पडते ती प्लांटमधल्या पीसीची. ते घड्याळ भरकटले तर सर्व्हर जुना म्हणून आकडा नाकारतो, किंवा बिघाडाची वेळ चुकीची दाखवतो. वेळ जुळवणारा एनटीपी यूडीपी १२३ वर चालतो, आणि त्यालाही हीच फायरवॉल अडवते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. कंपनीत असा अंतर्गत सर्व्हर असेल तर एजंटला त्याचा पत्ता द्यायचा. नसेल तर परवानगीच्या अर्जात ४४३ च्या खाली १२३ चीही ओळ लिहायची.