पेत्राचा भाऊ

वांद्र्याच्या हिल रोडवर दोन जुनी चर्चं आहेत. स्टेशनकडून चालत निघालं की आधी सेंट पीटर लागतं. मग कपड्यांच्या, चपलांच्या टपऱ्या आणि बसगाड्यांची कोंडी मागं टाकत समुद्राच्या दिशेनं गेलं की सेंट अँड्र्यू. एकाच रस्त्यावर दोघे सख्खे भाऊ. पीटरचं चर्च एकोणिसाव्या शतकातलं. अँड्र्यूचं १५७५ सालचं, पोर्तुगीज अमदानीत जेझुइटांनी उभारलेलं. लागूनच चिंबईचा कोळीवाडा, होड्यांचा आणि जाळ्यांचा शेजार. मासेमारी करणाऱ्या या दोन भावांना याहून योग्य जागा मिळाली नसती. आणि इथं अंद्रिया, म्हणजे अँड्र्यू, आधी आलेला आहे; पेत्र, म्हणजे पीटर, मागाहून. शुभवर्तमानातही तसंच घडलं होतं.

तरी जगात नाव पेत्राचं. २९ जूनला त्याचा सण असतो तेव्हा गोव्यात कोळी बांधव होड्या एकमेकींना बांधून सांगोड काढतात, नदीत गाणी-नाटकं रंगतात. अंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला. त्याच्या नावाच्या चर्चची माणसं सोडली तर तो कधी येऊन गेला हे बहुतेक ख्रिस्ती घरांत कळतही नाही. बायबलमध्येही त्याची ओळख पुन्हा पुन्हा भावावरूनच करून दिली जाते. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचं नाव पहिल्यांदा येतं तेव्हा पेत्र अजून गोष्टीत आलेलाही नाही, पण लिहिणारा त्याला शिमोन पेत्राचा भाऊच म्हणतो. पेत्र सगळ्यांना ठाऊक आहे, हे गृहीत. ज्याच्या घरात असा एखादा भाऊ, बहीण, जाऊ किंवा नवरा आहे, त्याला या ठिकाणी जरा अडखळायला होतं.

तुलनेनं माणूस एका दिवसात खचत नाही. मैत्रिणीच्या मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचे पेढे येतात, आपण ते आनंदानं खातो, तोंड भरून कौतुकही करतो, आणि रात्री ओटा पुसताना आपल्या मुलाची गुणपत्रिका डोळ्यांपुढे येते. बरोबरच्या माणसाचं घर झालं, गाडी झाली, पुस्तक आलं. त्यातल्या एकाही गोष्टीनं आपलं काही हिरावून घेतलेलं नसतं. तरीही आदल्या दिवशीपर्यंत पुरेसं वाटणारं आपलं घर, आपलं काम दुसऱ्या दिवशी तोकडं दिसू लागतं.

ख्रिस्ती माणसाला वाटतं, निदान उपासनेला बसल्यावर हे सुटेल. सुटत नाही. तिथं तुलना अधिक खोल जाते, कारण ती देवाच्या नावानं चालते. कुणाची प्रार्थना ओघवती, कुणाचा गळा असा की हार्मोनियमची पहिली पट्टी वाजताच माना वळतात. कुणी साक्ष द्यायला उभं राहतं आणि सबंध मंडळी डोळे पुसते. आपल्या आयुष्यात असा सांगण्याजोगा प्रसंग नाही. आपण लहानपणापासून रविवारी येतो, दानपेटीत पाकीट टाकतो, आजाऱ्यांना भेटतो, घरी जातो. मग एक विचार सरपटत येतो: देव तिच्याशी बोलतो, माझ्याशी बोलत नाही. पगार कमी असल्याची खंत माणूस निभावून नेतो. देवाचं आपल्याकडे लक्ष कमी आहे, ही शंका मात्र काळीज पोखरते. या शंकेशी झगडणाऱ्या प्रत्येकाला मला अंद्रियाजवळ नेऊन बसवावंसं वाटतं.

तो आधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. योहानानं जाणाऱ्या येशूकडे बोट दाखवलं आणि अंद्रिया आणखी एकासह त्याच्या मागं निघाला. येशूनं वळून विचारलं, काय शोधताय? त्यांनी विचारलं, आपण राहता कुठं? त्यानं त्यांना येऊन पाहायला सांगितलं, आणि तो दिवस त्यांनी त्याच्याबरोबर काढला. दहावा तास होता, असं शुभवर्तमान नोंदवतं. म्हणजे दुपारचे चार. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं याची एक ओळही नाही, वेळ मात्र लिहून ठेवली आहे. आयुष्य पालटलं तो तास माणूस विसरत नाही.

तिथून उठून अंद्रियानं पहिलं काम केलं ते भावाला शोधण्याचं. मसीहा सापडला असं सांगून तो शिमोनाला येशूकडे घेऊन आला. येशूनं शिमोनाकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याला नवं नाव दिलं, केफा, म्हणजेच पेत्र. ज्यानं आणलं त्याला नवं नाव मिळालं नाही. अंद्रिया अंद्रियाच राहिला.

पुढं तर हे अधिकच बोचतं. गालीलच्या किनाऱ्यावरून बोलावलेले कोळी चार होते, भावांच्या दोन जोड्या: पेत्र आणि अंद्रिया, याकोब आणि योहान. याईराची मुलगी वारली तेव्हा येशूनं तिघांनाच आत नेलं. डोंगरावर त्याचं रूप पालटलं, वस्त्रं उजळली, तेव्हाही तिघेच बरोबर होते. गेथशेमाने बागेत त्याचा जीव व्याकूळ झाला तेव्हा जवळ घेतलेले तेच तिघे. चारांतले तीन. बारांतले तीन निवडले असते तर मागं राहिलेल्या नऊ जणांत एकमेकांना सोबत झाली असती. पण चौघांतून एकटंच वगळलं जाणं निराळं असतं. डोंगराच्या पायथ्याशी अंद्रिया काय विचार करत असेल? शुभवर्तमान सांगत नाही. त्याच्या गप्प राहण्यावरून तो संतोषी होता असा निष्कर्ष काढायला मी धजत नाही. कारण याकोब आणि योहान यांनी येशूच्या उजव्या-डाव्या हाताची आसनं मागितली तेव्हा उरलेले दहाही संतापले, असं मार्क स्पष्ट लिहितो. त्या दहांत अंद्रिया होता. म्हणजे सलणं काय असतं, ते त्यालाही माहीत होतं, आणि हे मला फार जवळचं वाटतं. संतांच्या चित्रातला शांत चेहरा पाहून आपलं दुखणं त्याला सांगता आलं नसतं.

अशा दुखण्यावर प्रेमाची माणसं एक औषध देतात: तूही काही कमी नाहीस. ती मायेनं म्हणतात, आणि घटकाभर बरंही वाटतं. पण तराजू तोच राहतो. आपल्या पारड्यात थोडं वजन टाकलं जातं इतकंच, आणि उद्या समोरच्या पारड्यात आणखी काही पडलं की आपलं पारडं पुन्हा वर. येशू या वाटेनं जात नाही. अंद्रियाला तो कधीही म्हणत नाही की तू पेत्राच्या तोडीचा आहेस.

येशूमागं लोकांची गर्दी गेली त्या कुरणावर काय झालं ते पाहा. पाच हजार पुरुष, बायका-मुलं वेगळी. जेवणाची वेळ. दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत, असा फिलिप्पाचा हिशेब. एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज, तेव्हा दोनशे म्हणजे अर्ध्या वर्षाहून अधिक मजुरी. अंद्रिया एका पोराला पुढं करतो. पोराजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन लहान मासळ्या. जव हे गरिबाचं धान्य. गव्हाची भाकर परवडत नाही त्याचं पोट त्यावर चाले. पोराला पुढं करता करताच अंद्रियाच्या तोंडून निघतं की एवढ्या लोकांना हे कुठं पुरणार! मला हा माणूस इथं सर्वांत स्पष्ट दिसतो. हातात आहे ते तो पुढंही करतो, आणि गर्दीकडे बघून त्याचा धीरही सुटतो. दोन्ही एकाच दमात.

येशू त्याच्या हिशेबाला उत्तर देत नाही. पाच भाकरी पुष्कळ आहेत असंही म्हणत नाही, कारण त्या पुष्कळ नव्हत्याच. लोकांना बसवा, एवढंच सांगतो. तिथं गवत भरपूर होतं, अशी आठवण योहान जपतो. मग तो भाकरी हातात घेतो, उपकारस्तुती करतो, वाटतो. सगळे पोटभर जेवतात आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरतात. भाकरी कुणाच्या शिदोरीपेक्षा कमी किंवा जास्त, हा प्रश्न त्या हातांत गेल्यावर उरलाच नाही. विश्वास माझ्यासाठी काय करतो ते मला या गवतावर कळतं. माझी भाकर मोठी आहे असं तो मला पटवत बसत नाही. ती कुणाच्या हाती द्यायची, ते दाखवतो.

आणि ज्याच्याशी आपण स्वतःला ताडून पाहतो तो तरी निवांत असतो का? पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर येशूनं पेत्राला तीनदा प्रेमाविषयी विचारलं, मेंढरं सोपवली, पुढं कसं मरण येईल तेही सुचवलं. कुणाला न मिळालेला विश्वास त्याच्यावर टाकला. आणि पेत्रानं लगेच मागं वळून पाहिलं. येशूचा लाडका शिष्य पाठीमागून येत होता. पेत्रानं विचारलं, याचं काय? सर्वांत पुढच्या रांगेतल्या माणसाचा हा प्रश्न! येशूनं त्याला जवळजवळ दटावलंच. त्याचं काय करायचं ते मी पाहीन, तुला त्याच्याशी काय कर्तव्य, तू माझ्यामागून चल, अशा अर्थाचं बोलला. कठोर वाटतं, पण मला त्यात मोठी सुटका दिसते. दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशेब ठेवण्याचं काम आपल्या अंगावरून उतरवलं आहे.

आपल्याकडं लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य असंच एका मोठ्या नावाच्या शेजारी गेलं. नारायण वामन टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी, विद्वान, वक्ते. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण नाही; अक्षरओळख झाली तीही नवऱ्याकडून. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या उन्मळून गेल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. थोर कवीनं जिथं लेखणी ठेवली तिथून पुढं लिहायचं, म्हणजे वाचणारा ओळीओळीला तुलना करणार. लक्ष्मीबाई लिहीत गेल्या आणि ते पूर्ण केलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. आज कितीतरी वाचक टिळकांना भेटतात ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून. पण अखेरीस त्याच वरचढ ठरल्या असं मी म्हणू लागलो, तर तोच तराजू पुन्हा हातात घेतल्यासारखं होईल. त्यांच्या लिहिण्यात मला भावतं ते हे की ‘स्मृतिचित्रे’त त्या टिळकांसारखं लिहायला गेल्या नाहीत. स्वयंपाकघर, सोवळं, भांडणं, नवऱ्याचा लहरीपणा आणि त्याच्यावरचं निस्सीम प्रेम, हे सगळं त्या आपल्या बोलीत सांगतात. आपल्या शिदोरीतली भाकर त्यांनी तशीच पुढं केली.

स्तोत्रकर्त्या आसाफालाही दुसऱ्यांची भरभराट बघून पाय घसरल्यासारखं झालं होतं. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात तो आपली कडवटपणाची कबुली देवापुढं मांडतो, आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याची नजर पालटते. त्याची परिस्थिती पालटल्याचं तिथं कुठं म्हटलेलं नाही. म्हणून ज्याचं नाव ऐकून मन खट्टू होतं, त्याचंच नाव घेऊन मी प्रार्थनेला बसतो. सुरुवातीला शब्द घशात अडकतात. त्याला आणखी यश दे, असं म्हणायचं म्हणजे जीभ जड होते. मग निदान त्याचं दुखणं, त्याच्या म्हाताऱ्या आईचं आजारपण, त्याच्या मुलीची परीक्षा, यांपासून सुरुवात करतो. काही दिवसांनी ते नाव डोळ्यांपुढं आलं की आधी त्याची आई आठवते, मग त्याचं यश. अंद्रियानं भावाला हाताला धरून आणलं होतं. मला एवढंच जमतं. पण ज्याला आपण देवासमोर नेऊन उभं केलं, त्याच्याकडे फार काळ प्रतिस्पर्धी म्हणून बघता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

ख्रिस्ती वर्षाची सुरुवात आगमनकाळानं होते आणि आगमनकाळाचा पहिला रविवार धरतात तो अंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळचा. वर्ष उघडतं ते या मागं राहिलेल्या भावाच्या दारापाशी, याचा मला दरवर्षी आनंद होतो.

प्रेषितांच्या कृत्यांत वरच्या माडीवर जमलेल्या शिष्यांची यादी येते, त्यात अंद्रियाचं नाव चौथं आहे. त्यानंतर बायबल त्याचं नाव घेत नाही. पण पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, यरुशलेमेत, पेत्र बोलायला उठला तेव्हा अकरा जण त्याच्याबरोबर उभे होते, असं लूक लिहितो. त्या अकरांत अंद्रिया होता. चार वाजताची ती संध्याकाळ, भावाला शोधत केलेली धावपळ, नवं नाव भावाला मिळालं तो क्षण, हे सगळं बरोबर घेऊन तो भावाचं बोलणं ऐकत होता. त्या एका दिवसात सुमारे तीन हजार माणसांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्यांना बाप्तिस्मा देणं एकट्या पेत्राच्या आवाक्यातलं नव्हतं. अकराही जण कामाला लागले असणार, आणि अंद्रियाला त्या दिवशी मान वर करायलाही फुरसत मिळाली नसणार.