माझा उजवा कान

शेतात असते तोवर माती अन्नदात्री. तिचाच एक कण डोळ्यात गेला की जीव कासावीस होतो. वस्तू वाईट नसते, तिचे स्थान चुकलेले असते. हे सत्य मला कोणा सुभाषितकाराने नव्हे, माझ्या उजव्या कानाने शिकविले.

आपल्या कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा. त्याच्या बाहेरच्या अंगास त्वचेचा अतिशय पातळ थर असतो. आतील पोकळीस, म्हणजे मध्यकर्णास, नाकाच्या आतल्यासारखे ओलसर अस्तर असते. त्वचेचा धर्म असा की, ती सतत नवी होते व मृत पापुद्रे टाकून देते. बाहेरच्या कानातील पापुद्रे हळूहळू बाहेर सरकतात आणि मळाबरोबर निघून जातात. परंतु हीच त्वचा पडद्याच्या आत शिरली तर पापुद्र्यांना वाट उरत नाही. ते साचत जातात, त्यांची पिशवी बनते आणि ती वाढत राहते. या विकाराला कोलेस्टिएटोमा म्हणतात. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली हे नाव दिले. नावावरून चरबीच्या गाठीचा बोध होतो. प्रत्यक्षात ती चरबीची गाठ नव्हे आणि कर्करोगही नव्हे. ती असते केवळ अस्थानी वाढलेली त्वचा.

मी सातवीत असताना माझ्या उजव्या कानातून पाणी येऊ लागले. दुखत मुळीच नसे; मात्र त्या पाण्याला दुर्गंधी होती. "कान फुटलाय, मोठेपणी आपोआप बरा होईल," असा शेजारपाजारचा अभिप्राय पडला. आजी लसणीचे कोमट तेल घालावयास निघाली होती. आईने तिला थांबविले. औषधाचे थेंब घातले की कान आठवडाभर कोरडा राही, पुन्हा वाहू लागे. बाकावर माझ्या शेजारी बसणारा मित्र हळूहळू पलीकडे सरकून बसू लागला. तो काही बोलला नाही. मीही त्याला काही विचारले नाही. पण दोघांमधले ते वीतभर अंतर मला बहिरेपणाहून अधिक जाणवे.

अखेर आई मला बेळगावातील एका कानतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून कान पाहिला. मग नादकाटा वाजवून प्रथम कानामागील हाडावर टेकविला व नंतर कानासमोर धरला. निरोगी कानाला समोरचा नाद मोठा वाटतो. मला हाडावरचा मोठा वाटला. याचा अर्थ, आतील श्रवणेंद्रिय शाबूत होते, परंतु तेथवर नाद पोहोचविणारी वाट बिघडली होती. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे म्हणजे ती वाट.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. घशापासून मध्यकर्णापर्यंत एक नळी असते. ती हवेचा दाब सारखा राखते. ती वरचेवर बंद राहिली तर पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जातो, तेथे खळगा पडतो आणि त्यात पापुद्रे साचतात. कधी पडद्याच्या छिद्रातून त्वचा आत शिरते, तर क्वचित ती जन्मतःच आत असते. थेंबांनी जंतू मरतात, पिशवी मात्र तशीच राहते. ती हाडे झिजविते. जवळच चेहऱ्याचा मज्जातंतू, तोल सांभाळणाऱ्या नलिका आणि वर मेंदू आहे. तिकडे विकार पसरला तर तोंड वाकडे होते, घेरी येते, प्रसंगी प्राणावर बेतते.

"मला पूर्वीसारखे ऐकू येईल ना, डॉक्टर?" मी विचारले.

ते म्हणाले, "बाळ, आधी कान निर्धोक करायचा, मग कोरडा, आणि त्यानंतर ऐकण्याचा विचार. हा क्रम मला बदलता येत नाही."

त्या दिवशी तो क्रम मला निष्ठुर वाटला. आज त्यातील प्रामाणिकपणा कळतो. १८७३ साली जर्मनीत हेरमान श्वार्त्से यांनी कानामागील हाड उघडण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तीही प्रथम प्राण वाचविण्यासाठीच. पुढे १९२१ साली स्वीडनच्या कार्ल न्यूलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. त्यामुळे तांदळाच्या दाण्याहून लहान रिकिबीजवळही शल्यवैद्याचा हात अचूक चालू लागला.

माझी शस्त्रक्रिया काही तास चालली. कानामागील हाड कोरून ती पांढरी पिशवी काढली. कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसविला. चेहऱ्याचा मज्जातंतू सुखरूप राहिला. ऐरण मात्र झिजली होती, ती काढावी लागली. त्वचेचा लहानसा अंश मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो. म्हणून येत्या मे महिन्याच्या सुटीत कान पुन्हा उघडून पाहावयाचा आहे. आत सारे स्वच्छ असेल, तर ऐरणीच्या जागी कृत्रिम हाड बसविण्याचा प्रयत्न होईल.

तोवर मी वर्गात उजव्या टोकाला बसतो, म्हणजे डावा कान सर्वांकडे राहतो. कान कोरडा आहे आणि मित्र पुन्हा खेटून बसतो. वाचकहो, आपल्या घरी वा वर्गात कोणाचा कान न दुखता वाहत असेल व त्याला दुर्गंधी येत असेल, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. न दुखणारे दुखणे आपण होऊन हाक मारीत नाही. ती हाक जवळच्या माणसालाच ऐकावी लागते.