मागच्या खोलीतलं वेम्बली

माणमधल्या आमच्या घरात तेव्हा अठरा माणसं आणि एक टीव्ही. हिंजवडी आयटी पार्कची फेज तीन आमच्या शिवारात शिरली, तशा गोठ्याच्या जागी चुलत्यांनी चार खोल्या बांधल्या आणि आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. त्यातला एक कोल्हापूरचा. २००४च्या दिवाळीत गावी जाताना तो एक डीव्हीडी देऊन गेला. ‘बघा, पाचगणीत शिकलेला माणूस आहे,’ असं म्हणाला.

तो माणूस म्हणजे क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, मूळचा फारुख बलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात राहिला, तिथेच त्याला सगळे फ्रेडी म्हणू लागले, तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून तो पियानो वाजवायचा. आमच्या शाळेची सहल पाचगणीला जाऊन आली होती. टेबललँडवर घोड्यावर बसलो होतो. त्यामुळे हा परदेशी गायक आहे असं आम्हा भावंडांना कधी वाटलंच नाही.

डीव्हीडीवरची क्वीनची मैफल १२ जुलै १९८६ची, लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियममधली. पहिली कॅसेट १९९०मध्ये निघाली, ती कापून छोटी केलेली. अख्खी मैफल २००३च्या डीव्हीडीवर आली, आणि आमच्या हाती पडली ती हीच. सुरुवातीला लख्ख उजेड, मग हळूहळू दिवस मावळतो, आणि शेवटी अंधारात सत्तर हजारांच्या आसपास माणसं नुसती हातांच्या हालचालीवरून कळतात. पिवळ्या जाकिटातला फ्रेडी आवाजाची एक लकेर फेकतो आणि सगळं स्टेडियम ती जशीच्या तशी परत देतं. मग तो आणखी अवघड लकेर फेकतो. आम्ही नऊ पोरं सतरंजीवर बसून ती परत द्यायचो.

आजीला इंग्रजीचा गंध नव्हता. पण दरवर्षी चैत्री पौर्णिमेला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड बघणारी ती. बगाड हललं की ‘चांगभलं’चा गजर कसा उठतो, हे तिच्या अंगात भिनलेलं. एवढी माणसं एका आवाजात बोलताना बघून तिने पदर नीट केला आणि म्हणाली, ‘द्येव असल्याबिगर हितकी माणसं एका सुरात येत न्हाईत.’ आमचे अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांची नजर मागे गप उभ्या असलेल्या, बास वाजवणाऱ्या जॉन डीकनवर. ‘सगळं त्यानं धरून ठेवलंय,’ ते म्हणाले. बास गिटार कशाला असते, ते मला त्या वाक्याने कळलं. पुढे कुठल्याही पुस्तकाने इतकं नेमकं सांगितलं नाही.

आणि काका. काका टेल्कोत टूलरूमला. क्वीनच्या ब्रायन मेच्या हातातली गिटार त्याने लहानपणी वडिलांबरोबर घरीच बनवली, मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, तारा ताणून धरायला १९२८च्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या, हे भाडेकरूने सांगितलेलं मोठ्या भावाने काकांना सांगितलं. काका जागेवरून उठले. टीव्हीजवळ उकिडवे बसले. ‘मागं घे.’ पुन्हा मागं घे. कितीतरी वेळ ते फक्त गिटार बघत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ते टेबलावर कागद पसरून स्प्रिंगचं चित्र काढत बसलेले मला आठवतात.

शेवटी मुकुट आणि लांब झगा घालून फ्रेडी बाहेर येतो. पहिल्या रात्री नेमकी तेव्हाच लाईट गेली. एकही पोर झोपायला उठलं नाही. दोन तासांनी लाईट आली तेव्हा तो मुकुट बघून अण्णा म्हणाले, ‘सोंग झकास काढलंय.’ आमच्याकडे याहून मोठी दाद नसते.

दिवाळीचे सगळे दिवस आम्ही ती डीव्हीडी लावली. भाडेकरू परत आला तेव्हा धाकट्या बहिणीने त्याला विचारलं, ‘आता तो पाचगणीला येतो का?’ तो वारला, असं त्याने सांगितलं. २४ नोव्हेंबर १९९१ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने. एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचलेला तो शब्द पहिल्यांदा कुणा आपल्या माणसासाठी ऐकला. आजी चुलीपुढे बसली होती. ‘त्याची आई हाय का?’ एवढंच तिने विचारलं. तेव्हा होती.

२६ जानेवारी २०२५ला कोल्डप्लेची अहमदाबादची मैफल हॉटस्टारवर थेट दाखवली, तेव्हा आम्ही भावंडं बऱ्याच वर्षांनी एका खोलीत बसलो, थोरल्याच्या फ्लॅटवर. पोरांच्या हातात आपापले फोन, भिंतीवर मोठा टीव्ही. आजी, अण्णा नाहीत. काकांना खुर्ची पुढे ओढून दिली. बराच वेळ ते चष्मा सावरत पडद्याकडे बघत राहिले आणि मग पोरांना म्हणाले, ‘ह्याची गिटार कुणी बनवलीय, बघा की जरा.’