दारं धरणारी जाळी

पाबळच्या घरी दिवाळीला आम्ही भावंडं जमलो की कुणीतरी विषय काढतंच, तात्यांच्या बॅटरीच्या रेडिओचा. मग कामांच्या वाटण्या आठवतात. अर्थिंगची तार तुळशीपाशी पुरलेली. उन्हाळ्यात माती सुकली की आवाज पडायचा, म्हणून तिथे तांब्याभर पाणी घालायचं ते ताईने. कौलांवरची एरियल दादाकडे. मी धाकटा, मला हात लावायची बंदी.

घरात वीज नव्हती. त्या जड बॅटरीतून दीड व्होल्ट व्हॉल्व्हमधल्या तंतूंना आणि नव्वद व्होल्ट त्यांच्या पत्र्यांना जायचे. ती पुरवायची म्हणून रेडिओ मोजूनमापून लागे : बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरचं गीतरामायण. त्या सकाळी आजी न्हाणं लवकर उरकायची.

एकदा तात्यांनी मागचं झाकण काढलं. आत काचेचे चार व्हॉल्व्ह. एरियलवर येतं ते मुंगीच्या बळाचं, मग ओसरीभर आवाज कुठून, असं मी विचारलं.

"मळ्यात मी दारं धरतो ना? पाणी मोटेचं. मी फक्त खोऱ्यानं मूठभर माती इकडची तिकडं करतो."

व्हॉल्व्हचं तसंच. तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन निघतात, पत्र्याकडे धावतात, मध्ये जाळी. जाळीवरचा व्होल्टेज किंचित हलला की पत्र्याकडचा मोठा प्रवाह त्याच चालीने हलतो. बळ बॅटरीचं, चाल पुण्याहून आलेल्या लहरीची. फ्लेमिंगच्या १९०४ च्या व्हॉल्व्हमध्ये जाळी नव्हती, म्हणून तो आवाज वाढवू शकत नव्हता. ती ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास बसवली. हे सनावळीचं मी पुढे वाचलं, पण जाळी कळली ती त्या दिवशी, ओसरीवर.

काचेच्या आत चंदेरी डाग असे. हवा शिरली की तो पांढरा पडे, मग तात्या तो व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून एसटीने पुण्याला जात.

१९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. मुलं तिथे हाताने कामं करत शिकू लागली. तात्या तेव्हा नव्हते. असते तर पहिल्याच दिवशी रेडिओ खांद्यावर घेऊन तिथे गेले असते, यावर आम्हा भावंडांचं एकमत आहे.

तुमच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका. वीज जोडू नका, पण झाकण उघडून घरातल्या पोरांना ती जाळी दाखवा.