आधी अंतर, आता रांग

युरोपला जायचं तर आधी रिझर्व्ह बँकेची समजूत घालावी लागे, असा एक काळ होता. आमच्या आधीची पिढी अजूनही 'आठ डॉलर' म्हणून उसासा टाकते. खिशात तेवढेच घेऊन ही माणसं विमानात बसत. आमची वेळ आली तोवर, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सरकारचं मन जरा मोठं झालं होतं. एफटीएस नावाच्या योजनेखाली पाचशे डॉलर मिळत, आणि ते दिल्याची नोंद पासपोर्टच्या मागच्या पानावर शिक्क्यानिशी होई. त्या पाचशेत पॅरिस, रोम, व्हेनिस बसवायचं आणि वर घरच्यांसाठी चॉकलेटं आणायची. त्यामुळे बॅगेत कपड्यांपेक्षा खाणंच जास्त. चिवडा, मेतकूट, डिंकाचे लाडू, पहिले दोन दिवस पुरतील अशा दशम्या, आणि पाणी उकळायची विजेची कॉइल. स्वस्तातल्या हॉटेलात खोलीचं दार लावून कपात ती कॉइल बुडवायची आणि चहा करायचा. फ्यूज उडाला की दिवे घालवून झोपल्याचं सोंग करायचं.

आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे. ज्यांना तेवढे परवडतात त्यांना शुभेच्छा.

मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आणि त्या जोरावर १९८४ च्या उन्हाळ्यात एका भाषावर्गासाठी पश्चिम जर्मनीत पोचले. वर्ग संपल्यावर परतीच्या विमानापर्यंतचे दिवस मोकळे होते आणि पर्समध्ये युरेल पास होता. हा पास १९५९ साली निघाला, खास युरोपाबाहेरच्या लोकांसाठी, आणि तेव्हा तो घ्यायचाही युरोपाबाहेरूनच. पास घेतला की दुसरी गरज थॉमस कुकच्या वेळापत्रकाची. १८७३ पासून निघणारं हे जाडजूड पुस्तक म्हणजे अख्ख्या खंडाच्या गाड्या, बारीक टायपात. तळटिपा वाचायला चुकलात तर फक्त रविवारी धावणाऱ्या गाडीची वाट मंगळवारी बघत बसाल. थॉमस कुकने २०१३ साली ते बंद केलं. मग त्याच संपादकांपैकी काहींनी पुढच्या वर्षी स्वतःच ते पुन्हा काढायला घेतलं. मला त्या लोकांबद्दल अपार आदर आहे.

रात्रीच्या गाड्यांबद्दल हल्ली फार हळवं लिहिलं जातं. आम्ही त्या पकडायचो कारण हॉटेलचे पैसे वाचत. सहा बर्थचा डबा, कोणाच्या तरी मोज्यांचा वास, आणि संध्याकाळीच पासपोर्ट गोळा करून नेणारा कंडक्टर. सरहद्दीवर तो पोलिसांना दाखवायचा म्हणजे प्रवाशांची झोपमोड होऊ नये, अशी त्यामागची कल्पना. झोपमोड व्हायचीच. रात्री दोनला बूट वाजायचे, टॉर्च डोळ्यांवर यायचा, आणि भारतीय पासपोर्ट दिसला की जरा जास्त वेळ वाजत राहायचे. पण सकाळी पडदा सरकवला की पाट्या बदललेल्या, कॉफी बदललेली, आणि हातातल्या नोटा निरुपयोगी झालेल्या. हे 'बदललेलं असणं' हीच खरी चीज होती, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटायचं की पैसे बदलून घेताना दर वेळी आपल्याला लुबाडतात. दोन्ही खरं आहे.

नोटांची मजा मात्र निखळ होती. इटलीच्या हजार लिरांच्या नोटेवर मार्को पोलो. डच लोकांच्या पन्नास गिल्डरवर भलंमोठं सूर्यफूल. पुढे जर्मनांनी दहा मार्कांच्या नोटेवर गणितज्ञ गाउस आणि त्याचा घंटेच्या आकाराचा आलेख छापला, तर फ्रेंचांनी पन्नास फ्रँकवर छोटा राजकुमार. इटलीत टेलिफोनसाठी खाचा पाडलेलं एक टोकन लागे आणि ते दुकानात सुट्टे पैसे म्हणूनही खुशाल चाले. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आल्या आणि हा सगळा संसार आटोपला. नव्या नोटांवर खिडक्या, कमानी आणि पूल आहेत, पण मुद्दाम कुठल्याच देशातले नाहीत. उगाच भांडणं नकोत. गंमत अशी की स्पायकेनिसे नावाच्या डच गावाने नोटांवरचे ते काल्पनिक पूल खरोखरीचे बांधून टाकले. डच माणसाला रिकामं पाणी बघवत नाही.

आता सगळा हिशेब मांडला तर मला एकच गोष्ट दिसते. तेव्हा अडायचं ते घरी. परकीय चलन, प्रत्येक वकिलातीचे वेगळे खेटे, विमानाचं भाडं, 'एकटी कशी जाणार' हा प्रश्न. एकदा तिकडे पोचलं की मग सगळं सताड उघडं. रोमच्या पँथिऑनमध्ये मी रस्त्यावरून चालता चालता शिरले, ऊन फार होतं म्हणून. तिकीट नाही, वेळ नाही, कोणी विचारलंही नाही. २०२३ च्या जुलैत तिथे पाच युरोंचं तिकीट सुरू झालं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर त्याच वर्षी दिवसाला वीस हजारांची मर्यादा आली, तासातासाच्या हिशेबाने. आज विमानाचं तिकीट फोनवर दोन मिनिटांत निघतं, आणि पोचल्यावर मात्र तिरुपतीसारखी दर्शनाची वेळ घ्यावी लागते. व्हिसा अजून छळतो हे मान्य. एकाच शेंगेन व्हिसावर एकोणतीस देश फिरता येतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची अपॉइंटमेंट मिळवून दाखवा.

व्हेनिसइतका हा बदल कुठेच दिसत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही गर्दी होती, खोटं कशाला सांगू. पण मुख्य रस्ता सोडून दोन पूल ओलांडले की दोऱ्यांवर कपडे वाळत असत, खिडकीतून कोणीतरी कोणाला तरी रागावत असे, आणि भाजीची होडी पुलाखाली उभी असे. १९५१ च्या सुमारास जुन्या बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती. आज ती पन्नास हजारांच्याही खाली गेली आहेत. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा आकडा दाखवणारा फलक लावलेला आहे. मागच्या खेपेला मी तिथे मुद्दाम जाऊन उभी राहिले. शेजारी सेल्फी काढणाऱ्या मुलीला वाटलं ते तापमान असावं.

२५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना निदान पाच युरो भरून क्यूआर कोड घ्यावा लागतो. मुक्कामी राहणाऱ्याला माफी. मोठ्या क्रूझ जहाजांना २०२१ मध्येच सान मार्को चौकासमोरून जायला बंदी झाली. याच शहराने समुद्राचं काय केलं ते बघा: १९६६ च्या पुरात पाणी १९४ सेंटीमीटर चढलं, आणि त्यानंतर अनेक दशकं वाद, खर्च, भ्रष्टाचाराचे खटले सगळं होऊन मोसे नावाचे ७८ दरवाजे समुद्राच्या तळाशी बसले. ३ ऑक्टोबर २०२० ला भरतीच्या वेळी ते पहिल्यांदा उठले आणि चौक कोरडा राहिला. पाणी अडवता आलं. आमच्यासारख्यांना अडवायला पाच युरो पुरत नाहीत.

स्वित्झर्लंडमध्ये उलटं आहे, तिथे पाहण्याची वस्तूच मागे सरकते आहे. फुर्का घाटाच्या वळणावर बेलव्हेडेर नावाचं हॉटेल होतं, आता बंद आहे. त्याच्या मागेच ऱ्होन हिमनदी. तिच्या पोटात १८७० पासून दर वर्षी निळसर बर्फाची गुहा कोरतात. मी गेले तेव्हा बर्फाने अंगावर येऊन बसावं इतका तो जवळ होता. आता समोर तळं झालं आहे, आणि उरलेला बर्फ टिकावा म्हणून उन्हाळ्यात गुहेवर पांढरी जाड कापडं घालतात. दुरून ते मळकं दिसतं. जवळून तर बघवत नाही.

मात्र 'पूर्वी होतं ते बरं' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी बर्लिन आठवावं. पश्चिम बर्लिनमधून भुयारी गाडी पूर्वेच्या पोटाखालून जायची. मधली स्टेशनं बंद. गाडी तिथे हळू व्हायची, थांबायची नाही. मंद दिव्यात रिकामे फलाट आणि कुठे तरी एखादा शस्त्रधारी पहारेकरी. मग एकदम फ्रीडरिश्श्ट्रासे, तिथे उतरायचं. एका दिवसाचा व्हिसा, मध्यरात्रीच्या आत परत, आणि पंचवीस पश्चिमी मार्क सक्तीने पूर्वेच्या मार्कांत बदलून घ्यायचे. ते परत नेता येत नसत आणि संपवायला दुकानांत फारसं काही नसे. मी ब्रेख्तचे खंड घेतले. पुस्तकाच्या दुकानातल्या बाईंनी कुठून आलात विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे खानोलकरांनी याच्या नाटकाचं 'अजब न्याय वर्तुळाचा' केलंय, विजयाबाई मेहतांनी तुमच्याच बेनेविट्झबरोबर बसवलंय. बेनेविट्झ हे नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. वायमारचा हा दिग्दर्शक मुंबईत मराठी नटांबरोबर काम करत होता, आणि त्याच्याच देशातल्या या बाईंना पलीकडच्या फलाटावर जायची परवानगी नव्हती. मी रात्री अकराला निघाले. परतणाऱ्यांना निरोप देण्याची काचेची एक इमारत होती, बर्लिनकर तिला अश्रूंचा महाल म्हणत. तिथे मिठ्या मारून उभी असलेली माणसं बघून पुस्तकांचं ओझं उगाचच जाणवायला लागलं.

ती भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला पडली. अश्रूंच्या महालात आता संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. मी तो दोनदा पाहिला आहे आणि दर वेळी माझ्या सरहद्दीबद्दलच्या हळवेपणाची मला जरा लाज वाटते. माझ्या पासपोर्टवरचा रंगीत शिक्का म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडावर आपटलेलं दार होतं.

मोस्तारचंही तसंच. १५६६ साली मिमार हैरुद्दीनने बांधलेला तो एका कमानीचा पूल युगोस्लाव्हियात असताना मी पाहिला नाही. 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवून दिला. १९९३ च्या ९ नोव्हेंबरला, भिंत पडल्याच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, तोफांनी तो नदीत पाडला. आज आहे तो २००४ मध्ये पुन्हा बांधलेला. पोरं त्यावरून नेरेत्वात उड्या मारतात, आधी टोपी फिरवून पैसे गोळा करतात. नवा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. पूल असण्यापेक्षा पूल जुना असणं त्यांना महत्त्वाचं वाटतं.

आणि आता आपली माणसं. केसरी टूर्स सुरू झालं तेही १९८४ सालीच. पुढे वीणा वर्ल्ड आलं, इतर आले, आणि युरोप सांगली-साताऱ्यापर्यंत पोचला. युंगफ्राउयोखच्या स्टेशनावर, ३,४५४ मीटरवर, 'बॉलिवूड' नावाचं रेस्टॉरंट आलं. इंटरलाकेनमध्ये २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा बसला. ब्रिएन्झ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ड गावात एका कोरियन मालिकेमुळे इतकी गर्दी झाली की धक्क्यावर जायला फिरतं दार बसवून पाच फ्रँक घ्यावे लागले; म्हणजे हे काही एकट्या आपलंच नाही. बर्फात पोहे खाणाऱ्या ग्रुपला हसायची आपल्याकडे एक शिष्ट पद्धत आहे. मी हसत नाही. दार लावून कॉइलवर चहा करणाऱ्या बाईने कोणत्या तोंडाने हसायचं? ती माणसं निदान उघड खातात. शिवाय मागच्या खेपेला लुसर्नच्या धक्क्यावर भेटलेले निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या बाई, दोघांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. आल्प्स फळ्यावर काढून काढून ज्यांची बोटं खडूने पांढरी झाली, त्यांच्यामुळे जर गर्दी होत असेल तर होऊ दे. निवांत युरोप बघायला मिळाला तो आम्हां मूठभरांना, कारण बाकीच्यांना यायची सोयच नव्हती. त्या शांततेची किंमत कोण देत होतं हे आम्ही तेव्हा मोजलं नाही.

भाची यंदा जाते आहे. 'मावशी, दहा बेस्ट जागा सांग' म्हणाली. मी दहा सांगितल्या नाहीत. मोस्तारला रात्र काढ, दुब्रोव्हनिकच्या बसगाड्या दुपारनंतर परत गेल्या की गाव आपलं असतं. व्हेनिसला जायचंच तर नोव्हेंबरात जा आणि मुक्काम कर. बर्लिनमध्ये अश्रूंचा महाल चुकवू नकोस. आणि एक तरी रात्र गाडीत घालव. जर्मन रेल्वेने २०१६ च्या शेवटी आपल्या शयनगाड्या बंद केल्या, पण ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या काही घेऊन नाइटजेट नावाने चालवल्या आहेत. तिने लगेच फोनवर भाडं काढून दाखवलं. तेवढ्यात हॉटेल मिळत होतं, नाश्त्यासकट. माझ्या सगळ्या प्रवासाच्या अर्थशास्त्राचा पायाच तिने काढून घेतला.

'पण शिक्के तरी मिळतील ना?' असं तिने विचारलं. तेही नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सरहद्दीवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो यायला लागले. आतल्या सरहद्दी तर केव्हाच पुसल्या, असं मी तिला ठासून सांगितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात साल्झबुर्गहून म्युनिकला जाताना तिचा मेसेज आला. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सरहद्दींवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, त्यात तिची गाडी थांबली होती. पोलीस चढले, पासपोर्ट बघितला, परत दिला, उतरले.

'शिक्का?' मी विचारलं.

'शिक्का नाही गं मावशी,' तिने लिहिलं. 'नुसताच खोळंबा.'